'धंदा' : एका शब्दाची पारख

आपल्या संस्थेची जुनी सभासद-नोंदवही जीर्ण झाल्यामुळे ती नव्याने लिहून काढण्याचे काम गेल्या चातुर्मासात हाती घेण्यात आले, हे वाचकांस ठाऊक आहेच. त्या निमित्ताने प्रत्येक कुटुंबाकडे एक छापील पत्रक धाडण्यात आले होते. त्यात नाव, गोत्र, मूळ गाव, बडोद्यास येऊन किती पिढ्या झाल्या, इत्यादी रकान्यांच्या खाली 'धंदा' असाही एक रकाना होता. जुन्या वहीत तो होता म्हणून नव्या पत्रकातही आला. तो ठेवावा की काढावा, असा प्रश्न कोणाच्याही मनात आला नव्हता. परंतु पत्रके भरून परत येऊ लागली, तेव्हा या एका रकान्याने जी गंमत केली ती कार्यकारी मंडळाने नोंद घेण्याजोगी ठरली. कित्येकांनी छापील 'धंदा' हा शब्द शाईने खोडून त्यावर 'नोकरी' असे लिहिले होते. जणू नोकरी म्हणजे धंदा नव्हे. एका डॉक्टर सभासदांनी समासात 'धंदा नव्हे, पेशा' अशी दुरुस्ती केली होती. पौरोहित्य करणाऱ्या एका गुरुजींनी 'सेवा' एवढेच लिहिले होते. आणि गेली बावीस वर्षे पोळीभाजीचे डबे पोहोचवून ज्यांनी तीन मुलांची शिक्षणे केली, त्या एका वृद्ध भगिनींनी तो रकाना कोराच ठेवला होता.

चिटणीसांनी त्यांना सहज विचारले, "काकू, एवढा मोठा व्याप सांभाळता आणि रकाना कोरा का हो ठेवलात?" त्यावर त्या क्षणभर थांबून म्हणाल्या, "अहो, बाईमाणसाने त्या शब्दापुढे काय लिहायचे? 'घरकाम' लिहा."

चिटणीसांनी ही हकीकत मंडळापुढे ठेवली आणि हा शब्द बदलावा काय, बदलावयाचा तर त्याच्या जागी कोणता घालावा, याचा विचार करून चार ओळी लिहाव्यात, असे प्रस्तुत लेखकास सांगण्यात आले. चार ओळींचे हे काम नाही, हे थोड्याच दिवसांत ध्यानात आले.

प्रथम मूळ शब्दाकडे वळू. 'धंदा' हा शब्द पाहताच त्याचा 'धन' या शब्दाशी संबंध जोडण्याचा मोह होतो. ज्यात धन मिळते तो धंदा, अशी व्युत्पत्ती प्रवचनांतूनही ऐकावयास मिळते. ती कानाला गोड लागते. परंतु शब्दशास्त्राच्या कसोटीस ती उतरत नाही. अमरकोशाच्या द्वितीय कांडातील वैश्यवर्गात उपजीविकेला सहा शब्द दिले आहेत : आजीव, जीविका, वार्ता, वृत्ति, वर्तन आणि जीवन. त्यांत 'धंदा' नाही, आणि त्याच्यासारखा दिसणारा दुसरा कोणताही शब्द नाही. हा शब्द पंडितांच्या पोथीतून नव्हे, तर लोकांच्या तोंडून आपल्याकडे आला आहे. हिंदीत आणि पंजाबीत तो 'धंधा' या रूपाने आढळतो, गुजरातीत 'धंधो' म्हणून. उत्तरेच्या संतवाणीत, कबीरांच्या पदांत आणि गुरुग्रंथसाहिबात, त्याचा अर्थ केवळ उदरनिर्वाहाचे काम असा नसून प्रपंचाचा गुंता, ज्यात मनुष्य अडकून देवाला विसरतो ती धावपळ, असा आहे. 'गोरखधंधा' हा समास याच वळणाचा. नाथपंथी साधूंच्या जवळ असणाऱ्या, सहजी न सुटणाऱ्या कड्यांच्या अगर तारांच्या कोड्यास तो शब्द लावीत. पुढे कोणत्याही किचकट भानगडीस, आणि अखेरीस फसवेगिरीस, तो लागू झाला. नाथपंथीयांच्या भावना यामुळे दुखावतात, या कारणास्तव हरियाणा सरकारने २०२१ साली या शब्दाच्या वापरास बंदी केली. शब्दाच्या अर्थास लागलेली कीड सरकारी आज्ञेने जाते किंवा नाही, याचा विचार पुढे येणारच आहे.

अमरकोशातील त्या सहा शब्दांचे पुढे काय झाले, हे पाहण्यासारखे आहे. 'वार्ता' म्हणजे शेती, पशुपालन आणि व्यापार. कौटिल्याने आन्वीक्षिकी, त्रयी आणि दंडनीति यांच्या बरोबरीने तिला चार विद्यांत स्थान दिले. आज आपण 'वार्ता' म्हणतो ती सकाळी दाराशी येऊन पडणाऱ्या वर्तमानपत्रातील बातमी. 'वर्तन' म्हणजे पोट भरण्याचे साधन. आज शाळेच्या प्रगतिपुस्तकात मुलाचे वर्तन चांगले अगर वाईट असते. 'जीवन' या शब्दाने सगळे आयुष्यच कवेत घेतले. 'वृत्ति' हा शब्द तर इतक्या अंगांनी वाढला की त्याचा पसारा आवरत नाही : पतंजलींच्या योगसूत्रांत ती चित्ताची हालचाल आहे, व्याकरणात 'काशिकावृत्ति' म्हणजे सूत्रांवरील विवरण आहे, आणि आपल्या महाराष्ट्रात जोशीवृत्ती म्हणजे गावच्या जोशाचा वंशपरंपरेने चालणारा हक्क आहे. त्यातून 'शिष्यवृत्ती' आणि 'सेवानिवृत्ती' यांची आठवण एकदमच होऊ नये. पहिलीतील वृत्ति उपजीविकेची, तर दुसरीतील 'निवृत्ती' म्हणजे मागे फिरणे. दोन्हींचा धातू 'वृत्' हाच खरा, परंतु अर्थाच्या वाटा निराळ्या.

आता ज्या प्रतिष्ठित शब्दांच्या आश्रयास आपले सभासद धावले, त्यांची पारख करू. पहिला 'व्यवसाय'. वि आणि अव हे उपसर्ग लागून 'सो' या धातूपासून तो झाला आहे आणि त्या धातूचा अर्थ शेवटास नेणे, संपविणे, असा आहे. म्हणून संस्कृतात व्यवसाय म्हणजे निश्चय. भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायात जी 'व्यवसायात्मिका' बुद्धी सांगितली आहे, ती दुकानदाराची बुद्धी नव्हे, तर एका ठिकाणी स्थिर झालेली निश्चयी बुद्धी होय. 'अध्यवसाय' हा त्याच धातूचा सख्खा भाऊ. एखादे काम धरले की ते तडीस नेणे, या अर्थातून व्यवसाय हा शब्द पोटाच्या उद्योगाकडे आला. या अर्थाने पाहिले तर बावीस वर्षे एकही दिवस खंड न पाडता पहाटे चारला चूल पेटविणाऱ्या भगिनींचेच काम सर्वांत अधिक 'व्यवसाय' या नावास पात्र आहे.

'उद्योग' हा उद् आणि 'युज्' यांपासून झालेला. स्वतःस जुंपून घेणे, तयारी करणे. महाभारतातील उद्योगपर्वात कारखाने नाहीत, युद्धाची सिद्धता आहे. मराठीने या शब्दाची थोरवी राखून 'उद्योगी माणूस' असे गौरवाने म्हटले आणि त्याच तोंडाने 'नसता उद्योग करून ठेवलास' असेही म्हटले. उद्योगाचाच चुलतभाऊ जो 'उद्यम', त्याचे घरगुती रूप 'उदीम'. पेशवेकाळच्या कागदांत व्यापाऱ्यास 'उदमी' म्हटलेले आढळते. आज हा शब्द 'व्यापारउदीम' या जोडीपुरताच उरला आहे, याची रुखरुख वाटते. कारण इतका सुटसुटीत मराठी शब्द आपण उगाच हातचा घालविला. 'व्यापार' म्हणजे मुळात हालचाल, क्रिया; 'मनोव्यापार' या शब्दात तो अर्थ अजून जिवंत आहे, आणि मनाचा व्यापार म्हटल्यावर कोणी तराजू शोधीत नाही.

'चरितार्थ' या शब्दाची गोष्ट मला विशेष वाटते. संस्कृतात ज्याचा हेतू सफल झाला तो चरितार्थ. हिंदीत अजूनही एखादे वचन चरितार्थ झाले म्हणजे खरे ठरले, प्रत्यक्षात आले, असा अर्थ होतो. मराठी माणसाने मात्र तो शब्द उचलला आणि त्याला डाळतांदुळाच्या हिशेबास बसविले. चरितार्थ चालला, म्हणजे महिना निघाला. ज्याने हा अर्थ प्रथम केला असेल त्याला संसाराची चांगलीच ओळख असली पाहिजे.

डॉक्टरांनी सुचविलेला 'पेशा' हा शब्द फारसी. त्याचा अर्थ कसब, कामधंदा, असाच आहे. 'पेशवा' या शब्दाशी त्याचे नाते आहे, असे काहींना वाटते. परंतु पेशवा हा 'पेश' म्हणजे पुढे, या शब्दापासून झालेला असून त्याचा अर्थ पुढारी असा आहे. वकिली, शिक्षकी, वैद्यकी यांना पेशा म्हणावयाचे आणि सुतारकी, शिंपीकाम यांना धंदा म्हणावयाचे, हा भेद शब्दात नाही, तो आपल्या मनात आहे. फारसीत चांभाराचे कामही पेशाच. 'कसब' हा अरबी शब्द. त्याचा मूळ अर्थ मिळकत, कमाई. मराठीत तो हातातील कौशल्याचा वाचक झाला ही शब्दाची बढतीच म्हणावयाची. (पुण्याच्या कसबा पेठेतील 'कसबा' याच्याशी त्याचा काही संबंध नाही, तो अरबी शब्द निराळा.) 'रोजगार' हा फारसीत काळ, जमाना, या अर्थाचा, आपल्याकडे येताना तो दिवसाच्या कामाचा आणि कामाच्या दामाचा झाला, आणि १९७७ साली महाराष्ट्राने रोजगार हमीचा कायदा केला तेव्हा त्याच्यावर दुष्काळी भागातील लक्षावधी माणसांच्या आशा टेकल्या.

आणि ज्यासाठी इतक्या सभासदांनी 'धंदा' खोडला, ती 'नोकरी'? 'नोकर' हा शब्द फारसीतून आपल्याकडे आला, तथापि फारसीने तो मंगोलांकडून घेतला. मंगोल भाषेत 'नोकोर' म्हणजे सरदाराचा सोबती, जिवाला जीव देणारा साथीदार. चेंगीजखानाचे विश्वासू योद्धे त्याचे नोकोर होते. सोबत्याचा नोकर होण्यास काही शतके लागली. आपल्या धर्मग्रंथांचे म्हणाल तर मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात उपजीविकेच्या प्रकारांना नावे दिली आहेत : शेतात पडलेले कण वेचणे ते ऋत, न मागता मिळेल ते अमृत, मागून मिळविलेले ते मृत, शेती ती प्रमृत, व्यापार तो सत्यानृत, म्हणजे खऱ्याखोट्याचे मिश्रण; आणि दुसऱ्याची सेवा ती श्ववृत्ति, म्हणजे कुत्र्याची वृत्ति. ती टाळावी, असे तेथे सांगितले आहे. आपल्या म्हणीतही उत्तम शेती, मध्यम व्यापार आणि कनिष्ठ नोकरी असाच क्रम आहे. मनूच्या सर्व प्रतवाऱ्या शिरोधार्य मानाव्यात असे लेखकाचे मुळीच म्हणणे नाही. त्या प्रतवाऱ्यांनी ज्यांची कामे हलकी ठरविली त्यांचे हाल आपण जाणतो. सांगण्याचा हेतू इतकाच की, ज्या पंक्तीत आपण नोकरीस पाटावर आणि धंद्यास दाराबाहेर बसवितो, ती पंक्ती फार जुनी नाही.

ती कोठून आली हे शोधण्यास बडोदेकर मराठी माणसास दूर जावे लागत नाही. गायकवाडांच्या मागोमाग अठराव्या शतकापासून जी मराठी कुटुंबे या नगरीत आली ती बहुतांशी फौजेत, फडावर आणि देवळांत आली. कोणी शिलेदार, कोणी कारकून, कोणी पुजारी. पुढे श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या राजवटीत (१८७५ ते १९३९) शिक्षणखाते वाढले, न्यायखाते वाढले, वाचनालये निघाली, आणि शिकलेल्या मराठी तरुणास सरकारी खुर्ची मिळत गेली. महिन्याच्या ठराविक तारखेस पगार आणि म्हातारपणी पेन्शन हे दोन खांब ज्या घरास मिळाले, त्या घरास बाजारपेठेतील चढउतारांची भीती वाटू लागली, आणि भीतीचे रूपांतर नाक मुरडण्यात झाले.

खुद्द महाराजांची दृष्टी मात्र अशी नव्हती. १८९० साली त्यांनी प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जर यांच्या हाती कलाभवन सोपविले, ते रंगकाम, विणकाम, सुतारकाम, यंत्रकाम असे हातास काम देणारे ज्ञान शिकविण्यासाठी. चित्रपटाचे धंद्यात भारताचे पहिले पाऊल टाकणारे दादासाहेब फाळके याच कलाभवनात काही काळ शिकले. १९४९ साली महाराजा सयाजीराव विश्वविद्यालय निघाले, त्यात ही संस्था सामावून गेली. ज्या नगरीत हे सर्व घडले, तेथल्याच मराठी माणसाने 'धंदा' हा शब्द खोडावा, ही गोष्ट महाराजांस रुचली नसती असे वाटते.

आपल्या शेजाऱ्यांकडे पाहावे. रावपुऱ्यात किंवा मांडवीत कोणाही गुजराती गृहस्थाची नवी ओळख झाली की चहाचा पेला खाली ठेवण्यापूर्वी तो विचारतो, "शेनो धंधो छे?" या प्रश्नात मानाखेरीज दुसरे काही नसते. डॉक्टरालाही तो हेच विचारतो, आणि डॉक्टरही न रागावता उत्तर देतो. 'धंधापाणी कसे आहे' म्हणजे कुशल आहे ना. मुलगा 'धंधे लागला' म्हणजे मार्गास लागला. वाईट धंद्यांना त्या भाषेतही नावे आहेत, पण तेथे वाईटपणासाठी वेगळे विशेषण लावावे लागते. नुसत्या शब्दास डाग नाही. उलट मराठीत पाहा. 'धंदा' एकवचनात असला तर अजून सोवळा राहतो : 'कापडाचा धंदा', 'धंदा बरा चालला आहे', 'धंदा बसला'. परंतु तोच अनेकवचनात गेला की विशेषणावाचूनच बाटतो : 'हे कसले धंदे!', 'तुझे धंदे मला ठाऊक आहेत'. एका शब्दाचे अनेकवचन शिवी व्हावे, याला दुसरे उदाहरण चटकन आठवत नाही.

दोन भाषांचे कूळ एक, शब्द एक, गल्लीही एक. मग अर्थाची ही फाळणी का? जेथे धंदा करणाऱ्यास समाजात मान आहे तेथे शब्दास मान आहे, हेच त्याचे कारण दिसते. दिवाळीत शेजारी चोपडापूजन होते, तेव्हा वहीच्या पहिल्या पानावर कुंकवाने श्री काढून सारे घर तिच्यापुढे हात जोडते. आपल्याकडेही खंडेनवमीला सुतार करवतीची, शिंपी कात्रीची पूजा करतो, आणि दिवसाच्या पहिल्या विक्रीस मराठी दुकानदार 'भवानी' म्हणतो. देवीचे नाव ज्या कमाईस दिले ती कमाई हलकी कशी? पण भवानी बोलणारा दुकानदार, आणि 'धंदा' खोडणारा सभासद, हे आपल्यात एकमेकांस फारसे भेटत नाहीत.

संतमंडळींची साक्ष येथे काढलीच पाहिजे, कारण हे पत्रक देवळाचे आहे. सावता माळी, गोरा कुंभार, नरहरी सोनार, सेना न्हावी : या नावांतून धंदा काढून टाका, काय उरेल? लोकांनी त्यांची नावे धंद्यासकट जपली, आणि त्या नावांपुढे आपण पादुकांवर ठेवतो तसे मस्तक ठेवतो. महाभारतात वनपर्वातील धर्मव्याध मिथिलेच्या बाजारात मांस विकीत बसलेला आहे आणि कौशिक नावाच्या तपस्वी ब्राह्मणास धर्म शिकविण्याचे काम त्याच्याकडे आले आहे. शांतिपर्वातील तुलाधार वाराणसीतील वाणी. जाजलीस तप करूनही जे कळले नाही ते या वाण्याने सांगितले. व्यासांनी धर्माचा उपदेश देवविण्यास दुकान निवडले, ही गोष्ट आपण कथेत ऐकतो आणि घरी जाऊन विसरतो.

आता त्या भगिनींच्या कोऱ्या रकान्याकडे यावयास हवे. आतापर्यंत टाळीत आलो ते बोलणे आता टाळणे योग्य नव्हे. पुरुष 'धंदा करतो' म्हटले की दुकान डोळ्यांपुढे येते. बाई 'धंदा करते' म्हटले की बोलणारा खाली पाहतो. शब्द तोच, क्रियापद तेच. केवळ कर्ता बदलला. ज्या स्त्रियांच्या देहाचा बाजार परिस्थितीने आणि पुरुषांच्या पैशाने मांडला गेला, त्यांच्या दुःखास आपण हा शब्द लावला, आणि तो लावताना गिऱ्हाइकास कोणतेही नाव ठेवले नाही. परिणाम असा झाला की, पोळ्या लाटणारी, शिवण शिवणारी, भाजी विकणारी, शिकवण्या घेणारी अशी कोणतीही प्रतिष्ठित स्त्री आपल्या कष्टास त्याच्या खऱ्या नावाने हाक मारू शकत नाही. ती म्हणते, "घरच्या घरी थोडेसे करते."

मग शब्द बदलून टाकावा, हा सरळ उपाय वाटेल. परंतु येथेच इतिहास आडवा येतो. 'कसब' या निर्मळ शब्दापासून 'कसबीण' झाली, तिचा अर्थ सांगण्याची जरूर नाही. 'कला' यासारख्या देवघरातल्या शब्दापासून 'कलावंतीण' झाली, आणि कलावंत पुरुषास जो मान होता तो तिला राहिला नाही. डॉक्टरांच्या आवडत्या 'पेशा' या शब्दास उर्दूत स्त्रीच्या संदर्भात हाच कलंक लागला आहे. म्हणजे शब्द फारसी असो, अरबी असो, संस्कृत असो की देशी असो, स्त्रीच्या कमाईजवळ आला की तो काळवंडला. चार शब्द क्रमाने मळावेत आणि दर वेळी दोष कापडाचा म्हणावा, हाताकडे पाहू नये, हे न्यायाचे नाही. देवळांचा या कथेतील वाटाही लपविता येत नाही. देवास मुली वाहण्याची चाल आपल्या दक्षिणेच्या देवस्थानांत होती. ती बंद करण्यास मुंबई इलाख्यात १९३४ साली आणि कर्नाटकात १९८२ साली कायदे करावे लागले. तेथे त्या स्त्रियांच्या वाट्यास आलेल्या स्थितीस प्रथम दिलेले नाव 'सेवा' असेच होते. गुरुजींनी रकान्यात लिहिलेल्या 'सेवा' या शब्दाविषयी मनात आदर असूनही, कोणताही शब्द स्वतःच्या पुण्याईवर शुद्ध राहत नाही हे सांगण्यासाठी ही गोष्ट लिहिली. याउलट उदाहरणही आपल्याजवळ आहे. गोमंतकात जन्मलेल्या केसरबाई केरकर (जन्म १८९२) आणि मोगूबाई कुर्डीकर (जन्म १९०४) यांच्या पिढीने गाणे हेच आपल्या चरितार्थाचे साधन म्हणून उघडपणे केले आणि असे केले की, पूर्वी ज्या गाण्यास समाज नावे ठेवीत असे त्यासाठी दोघींनाही पद्मभूषण देण्यात आले. शब्द त्यांनी बदलला नाही, त्यांच्या कामाने तो बदलला.

रंगभूमीवर नेमके उलट घडले, तेही नमूद करतो. जुन्या लेखनात 'धंदेवाईक नाटक मंडळी' असा प्रयोग विनासंकोच आढळतो. हौशी नव्हे, पोटासाठी नाटक करणारी, इतकाच त्याचा अर्थ. आज तिलाच 'व्यावसायिक रंगभूमी' म्हणतात आणि 'धंदेवाईक' हे टीकेचे विशेषण झाले आहे. नवे नाव मिळाल्याने तिकिटांचा प्रश्न सुटला किंवा नटांची बिदागी वेळेवर मिळू लागली, असे काही ऐकिवात नाही.

सरकारी मराठीकडून काही निर्णय मिळतो का, हेही पाहिले. भारतीय संविधानाच्या एकोणिसाव्या अनुच्छेदाच्या मराठी पाठात पेशा, व्यवसाय, व्यापार आणि धंदा असे चारही शब्द शेजारी शेजारी येतात, आणि नागरिकास चारही करण्याचा हक्क सारखाच आहे. महाराष्ट्राच्या १९७५ च्या कर-अधिनियमाच्या नावात व्यवसाय, व्यापार, आजीविका आणि नोकऱ्या अशी मांडणी आहे. कर सर्वांवर आहे. कायद्याने कोणास वरच्या पाटावर बसविलेले नाही. बडोदे सरकारने १९३१ साली 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु' हा कोश काढून राज्यकारभाराच्या शब्दांसाठी अनेक भाषांतील पर्याय शेजारी शेजारी मांडले, त्यामागील धोरणही असेच समतेचे होते. शिवछत्रपतींच्या आज्ञेने झालेल्या राज्यव्यवहारकोशात बाजाराच्या शब्दांना 'पण्यवर्ग' म्हणून स्वतंत्र स्थान होते, हेही ध्यानात ठेवावे. राज्याचा शब्दकोश करणाऱ्यांना बाजाराची लाज वाटली नाही.

हे सर्व मंडळापुढे ठेवून लेखकाने आपले मत असे दिले की, रकान्याचा शब्द बदलू नये. 'उपजीविकेचे साधन' असे लांबलचक शीर्षक घालता येईल. तथापि तसे केल्याने डॉक्टरांचे समाधान होईल, कारकुनांचे होईल, आणि काकूंचा रकाना तरीही कोराच राहील, कारण त्यांची अडचण शीर्षकाची नसून आपल्या नजरेची आहे. मात्र एक सुधारणा सुचविली : आतापर्यंत हा रकाना कुटुंबप्रमुखापुरताच होता, तो यापुढे कुटुंबातील प्रत्येक कमावत्या व्यक्तीच्या नावापुढे असावा, आणि घरी बसून केलेले कामही त्यात लिहावे. मंडळाच्या सभेत यावर बराच वाद झाला. एका सन्माननीय सभासदांनी, देवळाच्या वहीत असे शब्द शोभत नाहीत, असे मत मांडले. दुसऱ्यांनी त्यांना, उत्सवाच्या वर्गणीचे पैसे कोठून येतात, असे विचारले. अखेरीस सूचना मंजूर झाली.

दुसऱ्या दिवशी चिटणीस पत्रक घेऊन त्या भगिनींकडे गेले. त्या वेळी डबे भरण्याची घाई होती. त्यांनी हात पुसले, चष्मा लावला आणि पत्रक पुष्कळ वेळ वाचले. मग चिटणीसांकडून लेखणी घेऊन त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहिले ते नव्या नोंदवहीच्या एकेचाळिसाव्या पानावर आता उतरविले आहे : 'धंदा : पोळीभाजीचे डबे. वर्षे बावीस. हाताखाली दोन बायका, त्यांचीही नावे लिहावीत.'